व्हेनिसचा दुसरा दिवस

अठ्ठावन्न सालची गोष्ट. आमचे हे बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम. चोवीस वर्षं जग फिरले आणि बघितलं काय म्हणाल, तर धक्के. लंडनचा धक्का, हँबुर्गचा धक्का, एडनचा धक्का. सुट्टीवर मालवणात आले की मेढ्यातली, म्हणजे आमच्या वाडीतली, चार माणसं ओटीवर जमायची. कुणीतरी विचारायचं, "परशुरामदादा, लंडन कसा आसा?" हे विडीचा झुरका घेऊन सांगायचे, "वला आसता." संपली गजाल. मला असा राग यायचा. माणूस लंडनला जातो काय आणि येऊन नुसतं ओलं असतं म्हणून सांगतो काय.

त्या वर्षी श्रावणात त्यांचं पत्र आलं. ही आपली शेवटची खेप, जानेवारीत कायमचा घरी येतो, असं लिहिलं होतं. आणि पुढे असं की, नोव्हेंबरात बोट व्हेनिसला गोदीत दुरुस्तीला लागणार आहे, कप्तान प्रत्येकाला दोन-दोन दिवस सुट्टी देणार आहे, तेव्हा या खेपेला मी शहर बघणार. "लवूक विचार, दोन दिसात काय काय बघूचा. तेका नीट लिवून धाडूक सांग. मी तसाच बघतलंय."

घरात आम्ही चौघं. हे, मी, आमचा एकुलता एक लवू, आणि यांचे धाकटे भाऊ. त्यांना सगळा गाव भाई म्हणतो, मीही भाईच म्हणते. भाईंनी लग्न केलं नाही. बाजारात त्यांचं दोरखंडांचं दुकान आहे. हे वर्षाचे दहा महिने समुद्रावर, त्यामुळे लवूला शाळेत घालणं, पोहायला शिकवणं, दाढ दुखली तर वैद्याकडे नेणं, सगळं भाईंनीच केलेलं.

लवू सतरा वर्षांचा, मॅट्रिकला. बापाचं पत्र वाचलं आणि त्याच्या अंगात व्हेनिसच आलं. त्याच्या शाळेत बाप्तिस्त मास्तर इंग्रजी आणि भूगोल शिकवायचे. देशोदेशीच्या शहरांचं एक जाडं चित्रांचं पुस्तक त्यांच्याकडे होतं, त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. ते याने गोड बोलून आणलं. मग शाळेतून आला की दप्तर कोपऱ्यात टाकायचं आणि आम्हाला शिकवायला बसायचं.

"थंय रस्ते नाय, भाईकाका. रस्त्याच्या जाग्यार पाणी. दारात होडी."

"मगे ढोरां खंय चरतत?"

"ढोरां नाय थंय."

"शेण नाय तर घर सारवतत कशान?"

लवू कपाळाला हात लावायचा. भाईंना सगळं कळत होतं, त्यांना फक्त पोराला चिडवायचं होतं. मी आतून ओरडायची की दोघंही उठा आणि विहिरीवरून पाणी आणा, इथे पाणी दारात नाही.

आठ दिवस डोकं खुपसून त्याने पहिला दिवस तयार केला. आधी मोठ्या चौकातल्या घंटेच्या मनोऱ्यावर जायचं, कारण वरून सगळं शहर एकदा बघितलं की खाली वाट चुकत नाही. मग शेजारचं चर्च, जे आतून सोन्याने मढवलेलं आहे. मग राजवाडा. मग तो झाकलेला पूल, ज्यावरून कैद्यांना तुरुंगात न्यायचे. प्रत्येकापुढे वेळ घातला होता. मनोरा, पाऊण तास. वाडा, दोन तास. मी म्हटलं, अरे, वेळ कशाला लिहितोस, त्यांच्याकडे घड्याळ आहे. तर म्हणाला, "लिवलां नाय तर बाबा धा मिन्टांत भायर पडतले आणि वला आसा म्हणान सांगतले." कागदाच्या तळाशी त्याने लिहिलं, जागा संपली, दुसरा दिवस पुढच्या पत्रात. मी नेहमीप्रमाणे पत्राच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट टेकवलं आणि पेटीत टाकून आले.

गणपती गेले आणि लवूला ताप आला. पाचव्या दिवशी ताप डोक्यात गेला. सहाव्या दिवशी सकाळी लवू गेला. याहून जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही, आणि कुणी विचारलेलं आवडतही नाही.

मी रडले नाही. बायका आल्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. माझी चुलत जाऊ जानकी, तिचं कुजबुजणंसुद्धा परड्याच्या पलीकडे ऐकू जातं. ती म्हणाली, "हिका रडाक कसा येना नाय गो?" ते मलाही कळत नव्हतं. शेजारून आलेल्या पेजेत मीठ कमी आहे हे कळत होतं. डावा गुडघा दुखतोय हे कळत होतं. कुणी कुठली लुगडी नेसून आलंय तेही दिसत होतं. बाकी आत काहीच नव्हतं, आणि ते नाही याचं वाईटसुद्धा वाटत नव्हतं.

लवू गेल्याच्या चौथ्या दिवशी यांचं पत्र आलं. "पयलो दिस पावलो. झकास आसा. दुसरो बेगीन धाड. लवूक इचार, मनोऱ्याक पायऱ्यो किती?"

भाईंनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "दादाक कळवचा नाय."

तशी आमच्याकडे रीतच आहे. बोटीवरच्या माणसाला घरातली मयत कळवत नाहीत. मधे समुद्र, निघून येता येत नाही, जवळ कुणी आपलं नाही. आमच्याच वाडीतल्या एकाला आई गेल्याचं पत्र गेलं होतं, तो दुसऱ्या दिवशी कठड्यावरून समुद्रात गेला. म्हणून माणूस घरी आला की त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, दोन घास पोटात जाऊ द्यायचे, मग सांगायचं. आणि सांगायचं ते बायकोने. मला ते पटलं. लवूला मी जन्म दिला, त्याच्या बापाला त्याची बातमी मीच देणार, माझ्या घरात, माझ्या तोंडाने. त्याआधी त्यांना ती वाटेत कुणाच्या तोंडावरून कळता कामा नये. त्या दिवसांत मला एवढं एकच हवं होतं. दुसरं काही देऊ केलं असतं तरी मी घेतलं नसतं.

"पण लिवूचा काय?" मी विचारलं.

"दुसरो दिस लिव," भाई म्हणाले. "लवून लिवलो असतो तसो."

ते सोपं नव्हतं. पुस्तक इंग्रजी, माझी मजल मराठी सातवीपर्यंत. म्हणून सहाव्या दिवशी मी नुसतंच खुशालीचं लिहिलं. लवू अभ्यासात आहे, दुसरा दिवस तयार करतोय, विळीवर बोट कापलंय म्हणून मी लिहिते. भाईंनी पत्र नेऊन टाकलं.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी देवापुढे पुन्हा दिवा लावला, कुंकवाचा करंडा उघडला आणि माझा हात तिथेच थांबला. ते पत्र मी बिनकुंकवाचं पाठवलं होतं. सुतकात देव्हाऱ्याला शिवायचं नसतं, करंड्याला हात लावायचा नसतो, तसा माझ्या हाताने तो आपणहून लावला नव्हता. डोक्याने खोटं रचलं आणि हाताने सुतक पाळलं. कोरा कोपरा म्हणजे घरात मयत, हे मालवणात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी भाईंना सांगितलं. ते म्हणाले, "बापये असला बघनत नाय." म्हणजे पुरुषांचं असल्याकडे लक्ष नसतं. पण दुकानात जायचे ते तसेच ओटीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पदराखाली घेऊन मी बाप्तिस्त मास्तरांकडे गेले. लवूला स्मशानात पोचवायला ते आले होते, चर्चला जातानाचा काळा कोट घालून. मला बघून म्हणाले, "पुस्तक परत करूची घाय नाय हुती, नर्मदाबाय."

"परत करूक नाय इलंय. वाचून दाखवा. व्हेनिसचां."

"कोणाक?"

"माका. लवूच्या बापसाक दुसरो दिस लिवन धाडूचो आसा."

त्यांनी चष्मा काढला. "तेका कळवूक नाय?"

"नाय."

"पाप आसा ह्यां."

"आसतला. तुमी वाचा."

ते वाचायला लागले. पंधरा-वीस दिवस, दुपारी तीन ते पाच, मी त्यांच्या ओसरीवर बसून व्हेनिस ऐकलं. काच फुंकणाऱ्यांचं एक बेट आहे. मोठ्या कालव्यावर एक जुना दगडी पूल आहे, त्याच्यावरच दुकानं आहेत. नोव्हेंबरात भरतीचं पाणी मोठ्या चौकात शिरतं आणि लोक फळ्या टाकून त्यावरून चालतात. गुडघाभर पाण्यातून जायचं आणि वर त्याला नावाजलेलं शहर म्हणायचं. मी लिहून घेतलं, गमबूट घालून जा. मास्तर म्हणाले, संग्रहालय घाला. मी म्हटलं, मासळी बाजार घालते, त्या पुलाजवळच आहे असं तुम्हीच वाचलंत. "मासळीबाजार कित्याक?" ते वैतागले. "मालवणात बाजार नाय?" मी सांगितलं, बाजारात कुठली मासळी येते ते बघितल्याशिवाय शहर कळत नाही. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. शेवटी दोन्ही घातली. बाजार, अर्धा तास. संग्रहालय, एक तास. काचेचं बेट, जाऊन-येऊन तीन तास. त्या दुपारी मला बरं वाटत होतं असं नाही. पण काहीच वाटत नाही हे तिथे चालून जायचं, कारण पुढची ओळ लिहायची असायची.

यादी पुरी होत आली तोवर त्या बिनकुंकवाच्या पत्राचं उत्तर आलं. अगदी त्रोटक. "पत्र पावलां. लवूक सांग, तेच्या हातान दोन वळी लिव. दोनच." बाकी कुणाचं काही विचारलं नव्हतं. भाई कसे आहेत, एवढंही नाही.

मी तशीच चपला घालून मास्तरांकडे गेले. पाच वर्षं त्यांनी लवूच्या वह्या तपासल्या होत्या. म्हटलं, मास्तर, त्याचं अक्षर तुम्हाला येत असणार. दोन ओळी लिहा.

मास्तरांनी माझ्या हातातलं पत्र घेऊन वाचलं. मग म्हणाले, "तेचां अक्षर माका येता, बाय. डोळे मिटून लिवन. पण ह्यां माज्याच्यान जावचां नाय. माका सांगा नको."

मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, वीस दिवस पाप चाललं, आता दोन ओळींत काय झालं? ते उठून आत गेले. मीही आले उठून. दुसरा दिवस मी माझ्याच हाताने उतरवून काढला, लवूचं बोट चिघळलंय असं लिहिलं, आणि कोपऱ्याला कुंकू असं लावलं की कागद पलीकडे लाल झाला.

त्याचं उत्तर दिवाळीनंतर आलं. "दुसरो दिस पावलो. बरो आसा. लवूक तरास देव नको, तुझां अक्षर चलता." ते वाचून मी देवापुढे साखर ठेवली. त्यांच्या मनात काही आलेलं नाही, असं मी धरून चालले. भाईसुद्धा त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

मग व्हेनिसहून एक चित्राचं कार्ड आलं. मनोरा, चौक, कबुतरं. मागे लिहिलं होतं, "सगळां बघितलंय. लिवलेलां तसां. घरी येवन लवूक सांगतलंय." मी ते कार्ड मास्तरांच्या पुस्तकात घातलं आणि पुस्तक परत करून आले. मास्तरांनी ते बघितलं की नाही, मी विचारलं नाही.

जानेवारीत तार आली. मुंबईहून अमुक दिवशी आगबोटीने निघतो. आगबोट आमच्याकडे दूर खोल पाण्यात उभी राहते, माणसांना पडावातून किनाऱ्याला आणतात. मी ठरवलं होतं ते सगळं मनात पाठ होतं. लवू दिसत नाही म्हणून विचारलं, तर सांगायचं, मास्तरांकडे अभ्यासाला गेलाय. घरी न्यायचं. पायांवर पाणी. सोलकढी-भात. मग दार लोटून घ्यायचं आणि सांगायचं, आपला लवू गेला. एवढीच तीन शब्दांची ती ओळ मी पाण्याला जाताना म्हणून बघायची. गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ती मला आजवर कुणालाच सांगावी लागली नव्हती.

भाई किनाऱ्यावर यायला तयार नव्हते. "माझ्या तोंडार दिसतला तेका," म्हणाले. मीच हट्ट केला. म्हटलं, ट्रंक कोण उचलणार? आणि तुम्ही नाही दिसलात तर त्यांना संशय येईल, पाठचा भाऊ आहात. मला एकटीला जमणार नाही, तुम्ही नुसते माझ्याबरोबर उभे राहा. तेव्हा भाईंनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले आणि आले.

पडाव जवळ आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. हे मधेच उभे राहिले होते, कोट घातलेला, हाताने डोळ्यांवर सावली केलेली. मला त्यांनी बघितलं, मी हात केला, त्यांनीही अर्धा वर केला. मग त्यांची नजर माझ्या शेजारी गेली. भाईंवर. त्यांचा हात खाली आला. होडी वाळूला टेकायच्या आधीच ते बुटांसकट पाण्यात उतरले आणि सरळ भाईंसमोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू आसंस," ते म्हणाले.

भाई गोंधळले. कसंबसं हसून म्हणाले, "आसंय मरे, दादा. मी नाय तर कोण येतलो ट्रंक उचलूक?"

हे भाईंकडे बघत राहिले. मग माझ्याशी बोलले, पण नजर तिथून हलवली नाही. "बिनकुकवाचां पत्र इलां, तेवाच समाजलंय कोणतरी गेलो. अक्षर तुझां, म्हणजे तू आसंस. लांबचो कोण आसतो तर तू नाव लिवलां असतंस. मगे घरात उरले दोगे."

बोलायचं होतं ते सगळं जाग्यावर होतं, फक्त तोंडापर्यंत येत नव्हतं.

"दोन वळी मागलंय, त्यो इल्यो नाय. पुना मागूक धीर झालो नाय. इचारूचाच नाय म्हटलंय. व्हेनिसाक मनोऱ्यार पाऊण तास रवलंय, घड्याळ बघून. सगळां बघितलंय, लवूक सांगूक व्हया म्हणान." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, बोटीवरच्या कामाची यादी सांगावी तसा. "माका वाटला भाई गेलो. थंयच्या देवळातसुद्धा मी तसांच मागलंय. भाई गेलेलो आसांदे म्हणान."

पडावातली माणसं उतरत होती, कुणाची तरी पेटी आमच्या पायाशी येऊन पडली, हमाल भाव सांगत होते. शेवटी यांनी माझ्याकडे बघितलं.

"लवू?"

"व्हय," मी म्हटलं. तीन महिने पाठ केलेल्यातलं एवढंच बाहेर आलं.

ते होते तिथेच ओल्या वाळूत बसले. भाई पडावातून उतरवलेल्या ट्रंकेला हात घालून वाकलेले होते, ते तसेच होते. मग त्यांनी ट्रंक सोडली, पुढे आले, आणि आपल्या थोरल्या भावाच्या भिजलेल्या बुटांवर दोन्ही हात ठेवले.

"माफ कर, दादा," भाई म्हणाले. "माझ्या हातात नव्हतां."